चर्च वेगवेगळी का असतात? ख्रिस्ती बांधवांचा ‘अकीदा’ आणि त्यांचा रोजचा व्यवहार

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) : आपल्या भागातल्या कितीतरी मुस्लिम घरांतली मुलं मिशनच्या शाळांत शिकली. जालना रोडची सेंट फ्रान्सिस, छावणीतली लिटल फ्लॉवर ही नावं आपल्या घरात नवी नाहीत. कुणाची टीचर ख्रिस्ती असते, कुणाचा ऑफिसातला सोबती, कुणाच्या दवाखान्यातली सिस्टर. नाताळला त्यांच्याकडून केक येतो, ईदला आपल्याकडून शीरखुर्मा जातो. एवढी ये-जा असूनही त्यांच्या धर्माबद्दल आपल्याला साधारण दोनच वाक्यं माहीत असतात. एक, ‘ते हजरत ईसा (अ.) यांना मानतात’ आणि दुसरं, ‘ते तीन खुदा मानतात’. यापुढे गाडी सरकत नाही.

मुलं मात्र विचारतात. सिस्टरांच्या चर्चमध्ये बीबी मरियमचा पुतळा असतो, मग दुसऱ्या चर्चमध्ये नुसता क्रॉस का? एका मैत्रिणीचा बाप्तिस्मा ती तान्ही असताना झाला, दुसरीच्या भावाचा अठराव्या वर्षी, असं का? एकाच धर्माचे लोक दोन वेगळ्या चर्चमध्ये का जातात? आपल्याकडे जसे मसलक आहेत तसंच काही आहे का?

हो, थोडंसं तसंच आहे. चर्चमध्ये धर्मसिद्धांत म्हणजे नुसती पुस्तकातली चर्चा नसते. आत कुणाला घ्यायचं, कधी घ्यायचं, मेजावर कोण बसणार, पुढारी कोण, लग्न कधी मोडतं, हे सगळं त्यावरून ठरतं. आणि सिद्धांतावरून फुटलेली माणसं पुन्हा एकत्र कशी येऊ शकतात, याचं एक मोठं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच, नागपुरात, १९७० साली घडलं. आपल्या शहराची आणि जालन्याची चर्चही त्यात होती. त्या उदाहरणात आपल्या मोहल्ल्यांसाठीही एक धडा आहे.

अकीदा, म्हणजे त्यांच्या भाषेत मतांगीकार

आपल्याकडे मूल बोलायला लागलं की कलिमा शिकतं, मग ईमान-ए-मुफस्सल. अल्लाह, फरिश्ते, किताबा, रसूल, आखिरत, तकदीर, अशी सगळी यादी एका दमात पाठ होते. ख्रिस्ती लोकांकडेही असं एका दमात म्हणायचं श्रद्धेचं वचन आहे. मराठी प्रोटेस्टंट त्याला ‘मतांगीकार’ म्हणतात. त्याचे दोन नमुने मुख्य आहेत. एक प्रेषितांच्या नावाने ओळखला जाणारा, लहान. दुसरा थोडा मोठा, नीकाया या गावाच्या नावाने ओळखला जाणारा.

नीकाया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझनिक. इसवी सन ३२५ मध्ये रोमचा बादशहा कॉन्स्टंटाइन याने तिथे बिशपांची परिषद बोलावली. झगडा असा होता : अलेक्झांड्रियाचा आरियस नावाचा धर्मगुरू म्हणत होता की ईसा हे देवाने निर्माण केलेले आहेत, ते देवासारखे अनादी नाहीत. परिषदेने त्याचं म्हणणं नाकारलं आणि पुत्र हा पित्याच्याच तत्त्वाचा आहे असं ठरवलं. पुढे ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत पवित्र आत्म्याबद्दलचा भाग वाढवला गेला. आज कॅथोलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक जुने प्रोटेस्टंट पंथ हाच मतांगीकार मानतात. म्हणजे एरवी कितीही भांडणं असली तरी इथे ते एक आहेत.

ते स्वतः काय म्हणतात, तेही नीट ऐकलं पाहिजे. ‘आम्ही तीन देव मानत नाही, देव एकच आहे, तो पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा प्रकट होतो,’ असा त्यांचा साधारण दावा असतो. याला ते ‘त्रैक्य’ म्हणतात. आपली तौहीद हे मान्य करत नाही. फरक आहे, तो मोठा आहे आणि तो लपवायचं काही कारण नाही. पण समोरचा जे बोलतच नाही ते त्याच्या तोंडी घालणं, हेही बरोबर नाही. आपल्याबद्दल कुणी ‘हे लोक दर्ग्याला अल्लाह मानतात’ असं म्हटलं तर आपल्याला जसं वाटतं, तसंच त्यांनाही वाटतं.

हा अकीदा मुलांपर्यंत पोहोचतो कसा? आपल्या मक्तबमध्ये मुफ्ती किफायतुल्लाह यांची ‘तालीमुल इस्लाम’ प्रश्नोत्तरांच्या रूपात शिकवतात. त्यांच्याकडेही हीच पद्धत आहे आणि आपल्या भागात ती फार जुनी आहे. इंग्लंडहून गोव्यात आलेले जेजुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये मराठीत ‘क्रिस्तपुराण’ छापलं. त्यांनीच कोकणीत ख्रिस्ती शिकवणीचं एक पुस्तक सवाल-जवाबाच्या रूपात तयार केलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये, गोव्यातल्या रायतूर इथे छापलं गेलं. म्हणजे या मातीतल्या भाषांमधली अगदी सुरुवातीची छापील पुस्तकं अकीदा समजावण्यासाठीच निघाली होती.

पुतळा की नुसता क्रॉस?

१५१७ साली जर्मनीत मार्टिन ल्यूथर यांनी चर्चच्या काही प्रथांवर जाहीर सवाल उभे केले आणि पश्चिमेकडचं चर्च फुटलं. एका बाजूला रोमच्या पोपना मानणारे कॅथोलिक, दुसऱ्या बाजूला प्रोटेस्टंट. भांडणाचं मूळ असं : माणसाची सुटका फक्त श्रद्धेने होते की श्रद्धा आणि अमल दोन्ही लागतात? धर्माचा आधार फक्त बायबल की बायबलसोबत चर्चची परंपराही?

आता मुलाच्या पहिल्या सवालाचं उत्तर सोपं होतं. कॅथोलिक शिकवण अशी की, संत आणि मरियम देवाजवळ आपल्यासाठी विनंती करू शकतात. त्यांचा आदर करायचा, इबादत फक्त देवाची. म्हणून त्यांच्या चर्चमध्ये मूर्ती असतात, मुंबईत वांद्र्याला सप्टेंबरमध्ये माउंट मेरीची जत्रा भरते. प्रोटेस्टंट म्हणतात, मध्ये कुणाची गरज नाही, थेट देवाकडे मागा. म्हणून त्यांच्याकडे नुसता क्रॉस.

मेलेल्यांसाठी दुआ करण्याचंही तसंच. कॅथोलिक लोक २ नोव्हेंबरला कबरस्तानात जाऊन आपल्या माणसांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करतात. बहुतेक प्रोटेस्टंट पंथांना ही गोष्ट मान्य नाही. शाहनूरमियाँ दर्ग्याच्या शहरात राहणाऱ्या माणसाला हा वाद वेगळा समजावून सांगायला नको. वसीला, फातेहा, ईसाल-ए-सवाब यांवरून आपल्याकडे जे चालतं, त्याचा चुलत भाऊच आहे हा.

दाराशी : बाप्तिस्मा कधी?

ख्रिस्ती समाजात प्रवेशाचा संस्कार म्हणजे बाप्तिस्मा. कॅथोलिक त्याला ‘स्नानसंस्कार’ही म्हणतात. कॅथोलिक, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट हे सगळे तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात. डोक्यावर पाणी ओततात किंवा शिंपडतात, आई-बाप आणि धर्माचे माता-पिता त्याच्या वतीने कबुली देतात. मूल मोठं झालं की ते स्वतःच्या तोंडाने कबुली देतं, त्याला ‘दृढीकरण’ म्हणतात.

बॅप्टिस्ट आणि काही इतर पंथ म्हणतात, बाळाला काय कळतं? आधी ईमान, मग बाप्तिस्मा. म्हणून ते समजत्या वयातच आणि संपूर्ण अंग पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात. हल्ली ज्या नव्या प्रार्थना-मंडळ्या भाड्याच्या हॉलमध्ये भरतात, त्यांतल्या बहुतेकांची पद्धत हीच आहे.

तिसराही प्रकार आहे. अहमदनगरचं (अहिल्यानगर) बूथ हॉस्पिटल आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत असेल. ते साल्व्हेशन आर्मी म्हणजे मुक्तिफौजेचं. या पंथात बाप्तिस्मा नाही आणि प्रभुभोजनाचा विधीही नाही. त्यांचं म्हणणं, आतला बदल खरा, बाहेरच्या विधीची सक्ती नको. गरिबाची खिदमत हीच त्यांची मुख्य ओळख.

वरवर हा फक्त पाण्याचा वाद वाटतो. पण बाळपणी बाप्तिस्मा झालेला तरुण नव्या मंडळीत गेला आणि तिथे ‘तुझा बाप्तिस्मा झालाच नाही, पुन्हा घे’ असं सांगितलं, तर घरात काय होतं याचा विचार करा. त्याच्या आई-वडिलांना त्याचा अर्थ असा लागतो की आपण आजवर खरे ख्रिस्तीच नव्हतो. मराठी ख्रिस्ती घरांत यावरून खरोखर मनं दुखावतात.

मेजाशी : ब्रेड कुणाला मिळते?

पकडले जाण्याच्या आदल्या रात्री ईसांनी शिष्यांसोबत जेवण घेतलं, भाकर आणि द्राक्षरस वाटला, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. त्याची आठवण म्हणून चर्चमध्ये भाकर आणि रस वाटला जातो. प्रोटेस्टंट त्याला ‘प्रभुभोजन’ म्हणतात. कॅथोलिक उपासनेला ‘मिस्सा’ म्हणतात आणि तिचा कळस हाच असतो. कॅथोलिक सिद्धांताप्रमाणे ती भाकर आणि तो रस खरोखर ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त बनतात, दिसायला जसेच्या तसे राहिले तरी. बहुतेक प्रोटेस्टंट इतकं मानत नाहीत. कुणी ‘ख्रिस्त तिथे आत्म्याने हजर असतो’ म्हणतात, कुणी ‘ही नुसती आठवण’ म्हणतात.

इथेही सिद्धांत थेट व्यवहारात उतरतो. कॅथोलिक मिस्सेत दुसऱ्या पंथाच्या ख्रिस्ती माणसालाही साधारणपणे ती भाकर दिली जात नाही. म्हणजे नवरा कॅथोलिक आणि बायको प्रोटेस्टंट असेल, तर एकाच बाकावर बसलेले दोघं मेजापाशी वेगळे होतात.

आपल्या कामाची एक गोष्ट : ख्रिस्ती मित्राच्या लग्नाला चर्चमध्ये गेलात आणि लोक रांगेने पुढे जायला लागले, तर आपण जागेवर बसून राहायचं. त्यात कुणाचा अपमान होत नाही, उलट तीच रीत आहे. तो प्रसाद वाटप नव्हे, त्यांच्या श्रद्धेची कबुली आहे. मध्येच सगळे उभे राहतात तेव्हा आदर म्हणून उभं राहिलं, एवढं पुरे.

याच मेजाने आपल्या भागात एक मोठं कामही केलं. मराठवाडा आणि नगरकडचे बरेच ख्रिस्ती महार आणि मांग समाजातून आले. ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेले थोडे. एका मेजावर, एका पेल्यातून सगळ्यांनी घ्यायचं, हा सिद्धांत जातीच्या भिंतीवर थेट आदळला. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये, आपल्या मनातली जातीची सोवळी-ओवळी कशी गळून पडली, ते अगदी मोकळेपणाने लिहिलंय. भेदभाव पूर्ण संपला असं नाही. शिवाय १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम दोघंही आजवर अनुसूचित जातीच्या सवलतींबाहेर आहेत. आपला धर्म बराबरी शिकवतो म्हणून कागदावर आपल्यात जात नाही, आणि गल्लीत मात्र आहे. ही अडचण दोन्ही कौमांची सारखीच.

लग्न आणि तलाक : चर्च एक सांगतं, कोर्ट दुसरं

कॅथोलिक सिद्धांतात लग्न हा संस्कार आहे, तो माणसाला तोडता येत नाही. म्हणून तिथे तलाक नाही. फक्त एवढंच होऊ शकतं की, चर्चचं न्यायमंडळ चौकशी करून ‘हे लग्न मुळातच वैध नव्हतं’ असं ठरवतं. प्रोटेस्टंट पंथ लग्नाला पवित्र मानतात, पण कॅथोलिकांसारखा ‘न तुटणारा संस्कार’ मानत नाहीत.

देशाचा कायदा मात्र वेगळा आहे. ख्रिस्ती लोकांच्या घटस्फोटासाठी १८६९ चा कायदा आहे, २००१ मध्ये तो सुधारला गेला. १९९६ मध्ये मॉली जोसेफ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चर्चच्या न्यायमंडळाने लग्न रद्द ठरवलं तरी कायद्याच्या नजरेत ते रद्द होत नाही, त्यासाठी कोर्टातच जावं लागेल. चर्चच्या निर्णयाला कायद्याने मान्यता मिळावी, अशी याचिका २०१७ मध्येही फेटाळली गेली.

याचा परिणाम काय? कोर्टातून घटस्फोट घेतलेली कॅथोलिक बाई चर्चच्या नजरेत विवाहितच राहते, दुसरं लग्न चर्चमध्ये लावता येत नाही. आणि फक्त चर्चचा कागद घेऊन दुसरं लग्न केलं तर कायद्याने ते अवैध ठरतं. दोन्हीकडचे कागद लागतात. आपल्याकडे दारुल कजा, फतवा आणि फॅमिली कोर्ट यांच्यामध्ये अडकलेल्या बायका ज्यांनी पाहिल्यात, त्यांना ही ओढाताण लगेच कळेल.

सवाल विचारणारे मराठी ख्रिस्ती

अकीदा वरून आला आणि सगळ्यांनी मान डोलावली, असं कधीच झालं नाही. पंडिता रमाबाईंचं उदाहरण घ्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी मुलगी मनोरमासह बाप्तिस्मा घेतला. तो अँग्लिकन चर्चमध्ये झाला. पण बाप्तिस्म्यानंतर तिथल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रांतून लांबलचक वाद झाला. त्रैक्य मला बायबलमध्ये स्पष्ट दिसत नाही, मग ते मी फक्त चर्च सांगतं म्हणून का मानायचं? एका पुरोहितशाहीतून बाहेर पडले, आता दुसरीच्या ताब्यात जाऊ का? असा त्यांचा सूर होता. पुढे त्यांची श्रद्धा बरीच बदलली, पण कुठल्याही एका पंथाचं लेबल त्यांनी कपाळावर लावून घेतलं नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हजारो निराधार बायकांना आसरा दिला. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत बायबल आणलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, छापून आलं.

दुसरे रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, पुढे नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये बरीच वर्षं काम केलं. त्यांची गाणी मराठी चर्चमध्ये आजही म्हटली जातात. १९१७ मध्ये त्यांनी मिशनपासून बाजूला होऊन ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. दारावरचा पहिला नियमच त्यांनी सैल केला. मिशनच्या माणसांना ते पचणं सोपं नव्हतं. दोन वर्षांनी, १९१९ मध्ये, टिळक वारले आणि दरबार फार वाढला नाही. पण सवाल राहिला : ईसांवर श्रद्धा आहे, पण बाप्तिस्मा नाही, असा माणूस आत की बाहेर?

जालना आणि औरंगाबाद : साठ किलोमीटर, दोन रीती

आता आपल्या भागाकडे येऊ. निझामाच्या काळात औरंगाबादमध्ये अँग्लिकन पंथाची चर्च मिशनरी सोसायटी काम करत होती. पारशी घरातून ख्रिस्ती झालेले रेव्हरंड रत्नजी नौरोजी हे इथलं मोठं नाव. या पंथात बिशप लागतोच. जवळच जालन्याला स्कॉटलंडच्या चर्चचं मिशन होतं. तिथे ब्राह्मण घरातून आलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी निझाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर ‘बेथेल’ नावाची ख्रिस्ती वस्ती वसवली. एका मुस्लिम रियासतीने दिलेली जमीन, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. या स्कॉटिश पंथात बिशप नाही. निवडून दिलेले वडीलजन आणि पाळक मिळून कारभार बघतात. तिकडे नगरला अमेरिकन मिशनच्या मंडळ्या, त्यांची तिसरी रीत : प्रत्येक मंडळी आपला निर्णय स्वतः घेणार.

म्हणजे साठ-सव्वाशे किलोमीटरच्या टप्प्यात, एकाच भाषेचे, बऱ्याचदा एकाच नात्यागोत्याचे लोक तीन वेगळ्या चर्चचे झाले. का? मिशनरी कुठल्या देशातून आला यावरून. भांडण युरोपचं, वाटणी मराठवाड्याची. मराठी ख्रिस्ती लोकांना हळूहळू हेच खटकायला लागलं.

नागपूर, २९ नोव्हेंबर १९७०

उत्तर भारतातल्या प्रोटेस्टंट पंथांच्या एकीची बोलणी १९२९ मध्ये सुरू झाली. दक्षिणेत १९४७ मध्ये एकी झाली आणि ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ उभं राहिलं. उत्तरेत मात्र वेळ लागला, कारण इथे बॅप्टिस्टही बोलणीत होते. बाळाचा बाप्तिस्मा मानणारे आणि न मानणारे एका छपराखाली कसे येणार?

अखेर ४१ वर्षांनी, २९ नोव्हेंबर १९७० रोजी, नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा पंथ एकत्र आले : अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल यांचं आधीच एक झालेलं युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट आणि डिसायपल्स. नाव पडलं ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’. मराठवाड्याचा वेगळा धर्मप्रांत झाला. औरंगाबादचे अँग्लिकन आणि जालन्याचे प्रेस्बिटेरियन एका घरात आले.

हे जमलं कसं? तीन गोष्टी झाल्या.

पहिली, पाया आणि फांद्या वेगळ्या केल्या. बायबल आणि जुने मतांगीकार हा पाया, त्यात तडजोड नाही. बाप्तिस्मा बाळपणी की मोठेपणी, ही फांदी. दोन्ही पद्धती मान्य केल्या. ज्या घराला जी पटते ती त्यांनी पाळावी, दुसऱ्याची खोटी म्हणू नये.

दुसरी, कुणालाच हरवलं नाही. सगळ्यात नाजूक सवाल होता पाळकांच्या दीक्षेचा. बिशपच्या हाताने दीक्षा न मिळालेले पाळक खरे की नाही? नागपुरात सगळ्या पंथांच्या प्रतिनिधींनी एकमेकांवर हात ठेवून प्रार्थना केली. कुणाच्या आधीच्या दीक्षेवर खोटेपणाचा शिक्का मारला नाही. बिशपपद ठेवलं, पण त्याच्यासोबत निवडून आलेल्या सभाही ठेवल्या.

तिसरी, घाई केली नाही. मसुदे बनले, मोडले, पुन्हा बनले. आणि ज्याला पटलं नाही त्याला जाऊ दिलं. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट शेवटच्या टप्प्यात मागे झाले. ते आजही वेगळे आहेत.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. अकीद्याचा गुंता सुटला, जमिनीचा राहिला. ब्रदरन पंथाच्या गुजरातमधल्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१३ मध्ये कोर्टाने सांगितलं की धार्मिक सभेने एकीचा ठराव केला म्हणून ट्रस्टची मालमत्ता आपोआप नव्या चर्चची होत नाही, कायद्याची पद्धत पाळावी लागते. वक्फच्या कागदांसाठी खेटे घालणाऱ्या आपल्या लोकांना ही ओळ दोनदा वाचायला हवी. मनं जुळली तरी सातबारा, ट्रस्टडीड आणि चेंज रिपोर्ट वेगळे सांभाळावे लागतात.

यात आपल्यासाठी काय?

सिद्धांत बदलला की शेजाऱ्यांशी वागणूकही बदलते. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांबद्दल एक घोषणा मंजूर केली. एका अल्लाहची इबादत करणाऱ्या, मरियमचा आदर करणाऱ्या मुस्लिमांबद्दल कॅथोलिक चर्चला आदर आहे, असा तिचा आशय. जुनी वैरं विसरून एकमेकांना समजून घ्या, असंही तिथे सांगितलं गेलं. मिशन शाळेत आपल्या मुलाला आज जी वागणूक मिळते, तिच्यामागे या कागदाचाही हात आहे. २००७ मध्ये जगभरच्या १३८ मुस्लिम आलिम आणि विचारवंतांनी ख्रिस्ती पुढाऱ्यांना एक खुलं पत्र लिहिलं. देवावर प्रेम आणि शेजाऱ्यावर प्रेम, या दोन गोष्टी आपल्या दोघांत सामाईक आहेत, एवढंच त्यांनी मांडलं. फरक कुणीच पुसले नाहीत.

आपल्या मराठवाड्यातही याची आठवण ताजी आहे. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला (धाराशिव) मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष वसईचे कॅथोलिक फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. बायबल सोप्या मराठीत आणणारा माणूस.

कुरआनमध्ये अहले किताबशी चांगल्या रीतीने बोलण्याची ताकीद आहे. नजरानच्या ख्रिस्ती लोकांचं शिष्टमंडळ मदिन्याला आलं तेव्हा त्यांना मस्जिद-ए-नबवीत त्यांच्या पद्धतीने प्रार्थना करू दिली, असं सीरतच्या किताबांत येतं. अकीद्यावर चर्चाही झाली, एकमत झालं नाही, तरी ते अमानने आणि करार करून परत गेले. तेव्हा ख्रिस्ती शेजाऱ्याशी बोलताना वाद घालण्याआधी साधा सवाल विचारावा : ‘तुमच्या चर्चमध्ये हे कसं मानतात?’ कारण एकाचं उत्तर दुसऱ्या चर्चला लागू होईलच असं नाही.

आणि एक गोष्ट घरातली. एका मोहल्ल्यात दोन मशिदी, एकीच्या नमाज्याने दुसरीत पाय ठेवायचा नाही, निकाहच्या वेळी आधी मसलक विचारायचा, मयतीच्या जनाजालाही कुणी मागे हटतं, हे आपण बघतो. नागपूरच्या त्या लोकांनी सहा वेगळ्या परंपरा ४१ वर्षं बोलत बसून एकत्र आणल्या. आपला तर अल्लाह एक, रसूल एक, किताब एक, किबला एक. पाया आधीच सगळ्यांचा सारखा आहे. फांदीला पाया म्हणायचं थांबवलं, तर बाकीचं बोलणं सुरू तरी होईल.